कादंबऱ्या वाचून मराठी शब्दसंग्रह कसा वाढवावा? (पद्धत, कोश, वह्या आणि होणाऱ्या चुका)

शब्दवेल (धागाकर्ती)

"भरपूर वाचा, शब्द आपोआप येतील" हा सल्ला अर्धाच खरा आहे. वाचून शब्द ओळखीचे होतात, पण ओळखीचा शब्द लिहिताना-बोलताना हाताशी येईलच असं नाही. कारण साधं आहे. गोष्टीच्या ओघात डोळा आजूबाजूच्या वाक्यांवरून अर्थ लावतो आणि शब्द ओलांडून पुढे जातो. वाक्य कळतं, शब्द मात्र मागेच राहतो. बोलण्यापुरती मराठी येते पण लेखी मराठीत अडखळायला होतं, अशा मोठ्या वाचकांसाठी हा धागा आहे. शाळकरी मुलांचं वेगळं, त्याबद्दल कुणी लिहिलं तर उत्तमच.

आधी पुस्तक पेलतं का ते पाहा. कादंबरीच्या छापील पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात. मधलं कुठलंही एक पान उघडून अनोळखी शब्द मोजा. पाच-सहापर्यंत असतील तर पुस्तक योग्य. इंग्रजी वाचकांवर झालेल्या अभ्यासांतही मजकूर आधाराशिवाय नीट समजायला शंभरातले सुमारे ९८ शब्द माहीत असावे लागतात असंच दिसलं आहे, म्हणजे पन्नासात एक अनोळखी. पानावर पंधरा-वीस अडत असतील तर ते पुस्तक वर्षभराने हाती घ्या. आणि एकही अडत नसेल तर त्या पुस्तकाने करमणूक होईल, शब्द मिळणार नाहीत.

वाचताना थांबायचं नाही. समासात पेन्सिलीने एक ठिपका द्यायचा, बस. रोज वीस पानं, साधारण चाळीस मिनिटं. प्रकरण संपलं की मागे येऊन ठिपके पाहायचे. त्यातले बरेचसे पुढच्या पानांनीच उलगडलेले असतात. उरलेल्यांतून फक्त पाच निवडायचे. जो दोन-तीनदा आला तो आधी, ज्याच्यावाचून वाक्य अडलं तो त्यानंतर. एकदाच आलेला शोभेचा शब्द सोडून द्या, गरजेचा असेल तर तो पुन्हा भेटेलच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शब्द एकटा उचलू नका, त्याच्या सोबत्यासकट उचला. 'आटणे' म्हणजे 'कमी होणे' असं वहीत लिहिलंत तर उद्या तुम्ही "पगार आटला" लिहाल. पाणी आटतं, विहीर आटते, गाय आटते, दूध आटवतात. कपडे मात्र वाळतात, चिखल सुकतो, घसा कोरडा पडतो. शब्द येतो म्हणजे तो कुणाशेजारी बसतो हे येतं.

---

खडूफळा

धागा उत्तम. वाचनखूण साठवली.

एक मोठी अडचण राहिली, ती लिहितो. नवा वाचक कोश उघडतो, शब्द सापडत नाही आणि "हा शब्द कोशात नाहीच" म्हणून कोश मिटतो. शब्द असतो, पण छापलेलं रूप हे मूळ रूप नसतं. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं, आणि कोशात शिरायचं तर उलटं चालत मूळ शब्दापर्यंत यावं लागतं.

प्रत्ययापूर्वी 'या' दिसला तर तीन शक्यता तपासा: शेवटी आ, शेवटी ए, शेवटी ई. 'वाड्यावर'चा मूळ शब्द वाडा, 'भाड्याने'चा भाडे, 'पाण्यात'चा पाणी. रूप एकाच साच्याचं, घरं तीन. 'शा' दिसला तर 'सा' करून पाहा: 'माशाला' म्हणजे मासा, 'कोळशाने' म्हणजे कोळसा. 'वा' दिसला तर ऊकारान्त शब्दाचा संशय घ्या: विंचवाने हे विंचू, नातवाला हे नातू, भावाचा हे भाऊ. नपुंसकलिंगी ऊकारान्तात मात्र सहसा 'वा' येत नाही: वासराला, कोकराला, लिंबाचा.

आतला स्वरही ऱ्हस्व होतो. विटेवर, गुळाचा, मुठीत, विहिरीला यांचे मूळ शब्द वीट, गूळ, मूठ, विहीर. 'उन्हात' पाहून कुणी 'उन्ह' शोधतं. कोशात 'ऊन' पाहावं.

क्रियापदं त्याहून फसवी. 'ल्याली' हे लेणे, 'भ्याला' हे भिणे, 'म्हटले' हे म्हणणे, 'घातले' हे घालणे. 'व्याली' हे विणे (जनावराचं), त्याचा विणणे या कापडाच्या क्रियेशी संबंध नाही. अशी रूपं पन्नासएक असतील. ती एकदा शालेय व्याकरणातून लिहून काढली की कोश पुष्कळ सोपा होतो.

---

पागोळी

खडूफळा, याला एक जोड देते. सामान्यरूप लिंगही सांगतं, आणि लिंग चुकलं की अर्थ बदलतो. 'माळावर' आलं तर तो माळ, उघडं पठार. 'माळेत' आलं तर ती माळ, ओवलेली. तो वीट म्हणजे कंटाळा, ती वीट भिंतीतली. तो हार गळ्यात, ती हार खेळात. 'वेळ' तर रोजचा शब्द: "बराच वेळ गेला" आणि "जेवायची वेळ झाली". पहिला कालावधी, दुसरा नेमका क्षण. म्हणून वहीत शब्दापुढे पु., स्त्री., न. हे लिहिलंच पाहिजे. मराठी घरात वाढलेली माणसंही नव्या शब्दाच्या लिंगाला अडखळतात, कारण तो त्यांनी ऐकलेला नसतो.

---

दौतटाक

कोशांबद्दल.

मराठीतून मराठी अर्थ हवा तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. मूळ सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आले, पुरवणी १९५० मध्ये. शब्दाची जात, लिंग, अर्थांचे क्रमांक, जुन्या ग्रंथांतली अवतरणं, व्युत्पत्ती असं सगळं एका नोंदीत मिळतं. नोंदीतल्या कंसांकडे दुर्लक्ष करू नका. (ल.) म्हणजे लाक्षणिक अर्थ. (व.), (गो.), (राजा.), (कु.) म्हणजे तो शब्द किंवा अर्थ वऱ्हाडातला, गोमंतकातला, राजापूरकडचा, कुडाळकडचा. कादंबरीतलं गाव कुठलं हे माहीत असेल तर सहा अर्थांतून योग्य तो या कंसामुळे सापडतो.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. इतका जुना असूनही शेती, घोडा, बैलगाडी, अलुतेबलुते, स्वयंपाक यांतल्या शब्दांसाठी त्याला तोड नाही, कारण ते सारं जिवंत असताना तो झाला. शब्द संस्कृत, अरबी, फारसी की हिंदुस्थानी हे तो आद्याक्षराने सांगतो. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. बृहद्कोश या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एकत्र शोधता येतात, रोजच्या वापराला ते सर्वांत सोयीचं. व्युत्पत्तीची गोडी लागली तर कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६).

आता लोक इथे का अडकतात ते. हे कोश आजच्या शुद्धलेखनाच्या आधीचे आहेत. साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. त्याआधी उच्चारात नसलेले अनुस्वार लिहीत: नांव, पांच, कांहीं, केलें, तळें. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द ऱ्हस्वान्त लिहीत: कवि, गति, बुद्धि. म्हणून जुन्या कोशात 'डोकं' शोधायचं तर 'डोकें' टंकावं, 'गती' शोधायचं तर 'गति', क्रियापद 'णें'ने संपवावं. शोधखिडकीत अनुस्वार द्यायचा राहिला तर "नोंद नाही" येतं, आणि बिचारा कोश बदनाम होतो.

जुनी छापील कादंबरी वाचतानाही हे ध्यानात ठेवा. आज 'घरांत' म्हणजे अनेक घरांमध्ये. जुन्या पुस्तकात 'घरांत' बहुधा एकाच घरात असतं. अनुस्वार पाहून अनेकवचन समजलात तर प्रसंगच बदलतो.

---

मळेकरी

वरच्या सगळ्यांशी सहमत, पण पाच-पाच सुटे शब्द गोळा करण्यापेक्षा शब्दांचं कुटुंब एकदम घ्यावं असं माझं ठाम मत आहे. ग्रामीण कादंबरीत मोटेचा प्रसंग आला की वाचक 'मोट' शोधतो आणि थांबतो. तसं करू नका. कागदावर विहीर काढा. पाणी उपसायची कातड्याची मोट. तिच्या तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा, सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. वर चाक. बैल ज्या उतारावरून खाली जातात ती धाव. मोट जिथे रिकामी होते ते दगडी थारोळं, आणि तिथून पाणी शेताकडे नेणारा पाट. सात शब्द एका चित्रात बसले. एक आठवला की शेजारचे आठवतात.

यातला 'थारोळं' पाहा. वर्तमानपत्रात "रक्ताच्या थारोळ्यात" रोज वाचलं जातं. विहिरीवरचं थारोळं नजरेसमोर आलं की त्या शब्दप्रयोगातलं साचलेपण कळतं, आणि तो कुठे वापरू नये हेही. 'चाकोरी'चं तसंच: गाडीच्या चाकांनी मातीत पडलेली खाच. 'वेसण घालणे' म्हणजे बैलाच्या नाकातून दोरी ओवणे. 'पोबारा' फाशांच्या खेळातला, पौ बारा हे दान. मूळ वस्तू पाहिली की वाक्प्रचार पाठ करावा लागत नाही.

पेरणीचं कुटुंब असंच: तीन फणांची तिफण, वर बी सोडायचं चाडं, नळ्या, जू, शिवळा. जुन्या वाड्याचं आणखी एक: मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी, आत पहारेकऱ्यांची देवडी, मग चौक, सोपा, माजघर, भिंतीत कोनाडे नि फडताळ, वर तुळया, वासे, आढं. असं एक चित्र एका रविवारी. वर्षात पन्नास चित्रं झाली की ग्रामीण आणि ऐतिहासिक कादंबरीत क्वचितच कुठे अडखळाल.

---

शब्दवेल

मळेकरी, हे फार मोलाचं. पाच शब्दांची मर्यादा मी पाठांतरासाठी सांगितली. चित्रातले सात शब्द एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे तिथे ती मर्यादा सैल करायला माझी हरकत नाही. फक्त चित्र काढल्यावर त्यातले शब्द त्याच कादंबरीत पुन्हा कुठे येतात ते पाहावं. नाहीतर ती नुसती संग्रहालयातली यादी होते.

---

निळूफुली

संदर्भावरून अर्थ लावावा हे मान्य, पण त्यातला धोका इथे कुणी सांगितला नाही. अंदाज बरेचदा नव्वद टक्के बरोबर असतो आणि उरलेल्या दहा टक्क्यांत शब्द कायमचा चुकीचा रुजतो.

ठळक उदाहरण 'परोक्ष' आणि 'अपरोक्ष'. परोक्ष म्हणजे डोळ्यांआड, गैरहजेरीत. अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष, समोर. "माझ्या अपरोक्ष त्याने निंदा केली" असं सर्रास लिहिलं जातं. 'अ' पाहून "समोर नसताना" असा अंदाज बांधला जातो आणि वाक्यात तो खपूनही जातो. 'पाणउतारा'त पाणी दिसतं म्हणून कुणी तो पराभव समजतं, तो अपमान आहे. 'आवाहन' आणि 'आव्हान' यांत एका अक्षराचा फरक: पहिलं बोलावणं, दुसरं ललकारणं. 'आगाऊ' म्हणजे आधीची रक्कमही आणि उद्धट माणूसही.

म्हणून अंदाज जरूर करा, पण ठिपक्याशेजारी तो एका शब्दात लिहून ठेवा, आणि प्रकरण संपल्यावर कोशाशी ताडून पाहा. जिथे तुमचा अंदाज चुकला तो शब्द त्या दिवशीच्या पाचांत पहिला. चुकीचा अंदाज दुरुस्त झाला की तो शब्द सहसा विसरत नाही. अंदाज लिहिलाच नाही तर कोश वाचल्यावर "मला हेच वाटलं होतं" असं वाटतं आणि चूक दिसतच नाही.

---

दौतटाक

निळूफुली, अंदाज लिहून ठेवायची सूचना फार चांगली आहे. सहमत.

---

रानवाट

समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करणाऱ्यांसाठी लिहितो आहे. मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, आणि हे यादीतून कधी कळत नाही, वाक्यातूनच कळतं. एकट्या 'तोडणे'च्या आसपास पाहा. झाड तोडतात, ऊसही तोडतात. फांदी छाटतात. भाजी चिरतात. फूल आणि कोवळी पानं खुडतात. गवत उपटतात. ज्वारी कापतात, पण भुईमूग काढतात. कापूस वेचतात. आंबे उतरवतात. नारळ पाडतात. शहरी लिखाणात या सगळ्यांना 'तोडणे' किंवा 'कापणे' लावलं जातं. चूक म्हणता येणार नाही, पण मजकुराची चव जाते.

अवयवांचंही तसंच. डोळे वटारतात, विस्फारतात, मिचकावतात, ते पाणावतात. कान टवकारतात. मान डोलावतात, तुकवतात. नाक मुरडतात. दात विचकतात. कादंबरीतले संवाद संपतात तिथे अशी क्रियापदं हमखास असतात. एका प्रकरणातून फक्त एवढीच वेचली तरी चालेल.

आवाजाचे शब्द तिसरे. सळसळ पानांची, खळखळ पाण्याची, फडफड पंखांची, करकर नव्या वहाणांची, घरघर जात्याची. इथे कोशाचा फारसा उपयोग नाही. शब्दामागची वस्तू लिहून ठेवा.

---

उत्तरायण

कार्डं करावीत की वही? भ्रमणध्वनीवर अँकी (उजळणीची कार्डं दाखवणारं ॲप) वापरलं तर देवनागरी नीट दिसते का? आणि रोज किती नवे शब्द घ्यावेत? दहा घेतले तर लवकर वाढेल असं वाटतं.

---

पागोळी

उत्तरायण, अँकीमध्ये देवनागरी व्यवस्थित दिसते. साधी जाड कागदाची कार्डंही तितकीच उपयोगी.

दहा घेऊ नका, त्यामागचं गणित असं. नवा शब्द पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या आणि साठाव्या दिवशी पुन्हा पाहायचा, म्हणजे पाच उजळण्या. रोज पाच नवे घेतले तर दोन महिन्यांनी रोज पाच पंचे पंचवीस जुने शब्द समोर येतात. एका कार्डाला अर्धा मिनिट धरलं तर साडेबारा मिनिटं. रोज दहा घेतले तर पन्नास कार्डं, पंचवीस मिनिटं, आणि हा वेळ वाचनातून कापला जातो. पहिल्या एक-दोन दिवसांत काहीच जाणवत नाही, कारण उजळण्या साचलेल्या नसतात. भार तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी पायरीपायरीने वाढत जातो आणि त्या चढावरच बहुतेकजण सोडतात.

कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नका. वाक्य लिहून शब्दाची जागा मोकळी ठेवा: "पाऊस लांबला आणि तळ्यातलं पाणी ____." मागे 'आटलं', मूळ रूप 'आटणे', सोबती 'विहीर, दूध, गाय', आणि कुठल्या पानावर भेटला ते. नाम असेल तर लिंग आणि सामान्यरूप. पुढे शब्द आणि मागे अर्थ असं कार्ड केलं तर शब्द ओळखण्याचाच सराव होतो, आणि ओळखता तर आधीही येत होता. आठवून काढायचा सराव रिकाम्या जागेमुळे होतो.

दोनदा चुकलेलं कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर न्या. चारदा चुकलं तर फेकून द्या. त्यातलं वाक्य वाईट आहे, शब्द दुसऱ्या पुस्तकात भेटला की नवं करा.

---

मळेकरी

मी वहीच्या बाजूने. एका शब्दाला एक ओळ नको, अर्धं पान हवं. तोच शब्द दुसऱ्या लेखकाकडे भेटला की ते वाक्य त्याच पानावर खाली लिहायचं. तीन वेगळी वाक्यं जमली की अर्थ लिहायची गरज उरत नाही. कार्डात पहिलं वाक्यच कायम राहतं, ही त्याची मर्यादा.

---

पागोळी

मळेकरी, मुद्दा योग्य आहे. कार्डाच्या मागे दुसऱ्या वाक्यासाठी जागा ठेवता येते, पण तुमची अर्ध्या पानाची मोकळीक तिथे नाही. विसराळू माणसाला कार्ड, नेमाने लिहिणाऱ्याला वही.

---

खारेवारे

बोलीभाषेतल्या कादंबऱ्यांबद्दल एक इशारा. एकच शब्द दोन प्रदेशांत दोन वस्तू दाखवतो. देशावर खळं म्हणजे मळणीची जागा. कोकणात खळं म्हणजे घरापुढचं अंगण. देशावर वाडा म्हणजे मोठं चौकाचं घर, दक्षिण कोकणात गुरांचा गोठाही वाडाच. कोकणातली पायऱ्यांची पाखाडी आणि देशावरची शेतांमधली पाणंद, दोन्ही वाटाच, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. कोकणातली कादंबरी वाचताना "खळ्यात मुलं खेळत होती" याचा अर्थ मळणीच्या जागेत असा घेतलात तर सगळं घरच शेतात जातं.

म्हणून शब्दापुढे देश, कोकण, वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश अशी प्रदेशाची खूण करा: दे., को., व., म., खा. आणि लेखनात वापरताना पाहा. बोलीतला शब्द त्या मातीतल्या माणसाच्या तोंडी शोभतो. कार्यालयीन पत्रात तो घुसवला की वाचणारा थांबतो. शब्द कमी प्रतीचा आहे म्हणून नव्हे, तर त्याचे सोबती तिथे नाहीत म्हणून.

दुसरं, वेगवेगळ्या बोलींची पुस्तकं आलटून पालटून वाचू नका. एका प्रदेशाची तीन सलग वाचा. पहिल्यात अडलेले बरेच शब्द दुसऱ्यात पुन्हा भेटतात, तिसऱ्यात ते आपले झालेले असतात.

---

उत्तरायण

मग सुरुवात कुठल्या पुस्तकांनी करावी?

---

शब्दवेल

लांब यादी देत नाही, चढ कसा असावा तेवढं सांगते.

पहिली पायरी घरगुती, बोलकं गद्य. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ही कादंबरी नाही, आत्मकथन आहे, पण घरातल्या मराठीसाठी याहून चांगली सुरुवात मला दिसत नाही. लहान वाक्यं, आणि स्वयंपाक, सणवार, नातीगोती, भांडणं यांचे शब्द ओळीने. दुसरी पायरी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५). पुस्तक लहान, गाव एक, माणसं मोजकी, म्हणून माणदेशी-धनगरी शब्द पुन्हा पुन्हा येतात. शब्द शिकायला लागते तशी पुनरावृत्ती पुस्तकातच तयार मिळते. तिसरी, संपूर्ण बोलीतलं निवेदन: रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१), मराठवाडी. पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, कान लागला की डोळाही लागतो. ऐतिहासिक कादंबरी त्यानंतर. तिथे फारसी-अरबी शब्दांची गर्दी असते: सनद, खलिता, मसलत, पागा. ते जोडीने शिकावेत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो, बारगीर सरकारी घोड्यावर बसतो. एक कळला की दुसरा पक्का होतो.

अनुवादित कादंबऱ्या पहिले सहा महिने बाजूला ठेवा. चांगले अनुवाद आहेत, पण घाईने केलेल्या अनुवादात शब्द मराठी आणि वाक्याची चाल परकी असते, आणि नवशिक्याला हा फरक ओळखू येत नाही.

पैसे खर्च करायचे नसतील तर लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं होतं. ह. ना. आपटे १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांच्या हयातीत आलेली पुस्तकं मुक्त आहेत. मराठी विकिस्रोतावर अशी बरीच सापडतात.

---

उत्तरायण

आभार. आम्ही महाराष्ट्राबाहेर आहोत, मुलं दहा आणि तेरा वर्षांची. त्यांच्याबाबतीत हेच लागू?

---

खडूफळा

नाही. मुलांना ठिपके, कार्डं, लिंग यांत अडकवू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. वयापेक्षा दोन-तीन इयत्ता खालचं पुस्तक घ्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंकही ऑनलाइन खुले आहेत. दोन पानांची गोष्ट, शेवटपर्यंत संपणारी, हे दहा वर्षांच्या मुलाला अर्ध्या सोडलेल्या कादंबरीपेक्षा चांगलं.

पण मुलांना वाचून दाखवा, नुसतं वाचायला देऊ नका. कारण च, ज, झ. लिपीत एकच अक्षर, उच्चार दोन. 'चिमणी'तला च वेगळा, 'चूल'मधला वेगळा. 'जरा थांब' यातला ज आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण यातला ज वेगळा. संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांत, आणि इ-ई-ए-य यांच्या आधी, सहसा तालव्य, म्हणजे 'चिमणी'तल्या चसारखा उच्चार. मराठी वस्तीपासून दूर वाढणाऱ्या मुलाने 'झरा' फक्त वाचला तर तो हिंदीसारखाच म्हणणार. मोठ्यांनीही नव्या शब्दांचे हे उच्चार श्राव्य पुस्तकातून किंवा आकाशवाणीवरून ताडून घ्यावेत.

---

निळूफुली

शेवटी एक सराव सुचवते. शब्द थोडे जमले की ते उतरंडीवर लावा. दिवसाच्या वेळा घ्या, कारण त्या प्रत्येक कादंबरीत येतात: झुंजूमुंजू, तांबडं फुटणं, फटफटणं, कासराभर दिवस वर येणं, टळटळीत दुपार, उन्हं कलणं, दिवेलागण, निजानीज, उत्तररात्र. कुठला कुठे बसतो हे ठरवताना अर्थातले बारीक फरक आपसूक कळतात. एखाद्या जागेवर मतभेद झाला तर कादंबरीतली दोन वाक्यं समोर ठेवून पाहायचं.

---

उत्तरायण

'कासराभर' म्हणजे नेमकं किती?

---

मळेकरी

कासरा म्हणजे बैलाच्या वेसणीला जोडलेली, हाकणाऱ्याच्या हातातली लांब दोरी. क्षितिजापासून सूर्य नजरेला तेवढ्या दोरीइतका वर आलेला दिसतो, तो कासराभर दिवस. घड्याळात ढोबळ मानाने सूर्योदयानंतरचा तासाभराच्या आसपासचा काळ. संध्याकाळीही वापरतात, "कासराभर दिवस उरला" असं. तेव्हा तीच दोरी मावळतीकडून मोजायची.